बुद्धमूर्तीचा इतिहास : प्रश्न कोणाचा?

बुद्धमूर्ती प्रथम कोणी घडविली, या प्रश्नाची चर्चा शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. फ्रेंच पंडित आल्फ्रेड फूशे यांनी गांधारकलेवरील आपल्या ग्रंथाचा पहिला खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. गांधारमूर्तींचे लाटांसारखे केस व चुण्यांचे चीवर पाहून त्यांनी बुद्धमूर्तीचे मूळ ग्रीक कलेत मानले. आनंद कुमारस्वामी यांनी १९२७ मध्ये त्यास उत्तर दिले : मथुरेच्या शिल्पकारांनी पूर्वीच्या यक्षमूर्तींच्या परंपरेतून बुद्धमूर्ती स्वतंत्रपणे घडविली.

युरोपीय मापदंड नाकारणारे हे उत्तर मोलाचे होय. तथापि दोन्ही पक्षांनी एकच प्रश्न स्वीकारला : श्रेय कोणत्या परंपरेचे? ज्यांनी मूर्ती स्थापिली व वंदिली, ते उपासक या वादात मागे राहिले.

त्यांचा शोध शिलालेखांत लागतो. कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी भिक्षू बल यांनी सारनाथ येथे मथुरेच्या तांबड्या दगडाची भव्य मूर्ती स्थापिली. आज आपण तिला बुद्धमूर्ती म्हणू. लेख तिला बोधिसत्त्व म्हणतो. या पुण्यकर्मात बल यांनी आपले मातापिता, आचार्य, त्रिपिटक जाणणारी भिक्षुणी बुद्धमित्रा आणि चारही परिषदा यांना सहभागी करून घेतले आहे. हे दान सर्व सत्त्वांच्या हितसुखासाठी आहे, असेही तेथे नोंदलेले आहे. केवळ केसांची व वस्त्रांची तुलना करणाऱ्यास यांपैकी काहीच दिसणार नाही.

आमच्या कार्ल्याच्या चैत्यगृहातही हाच धडा आहे. धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले स्तंभ तेथे इतर दात्यांच्या स्तंभांच्याच पंक्तीत उभे आहेत. त्याच गावचा सुतार सामी याचे नावही दर्शनी भागावर कोरलेले आहे. परदेशी कोण आणि एतद्देशीय कोण, यापेक्षा दान कोणाचे व श्रम कोणाचे, हे त्या भिंतींनी अधिक जपले आहे.

म्हणून पाश्चात्त्य दृष्टीच्या पलीकडे जाणे म्हणजे ग्रीसच्या जागी भारताचे नाव लिहिणे नव्हे, असे आम्हांस वाटते. ज्यांच्या श्रद्धेने व श्रमाने शिल्प उभे राहिले, त्यांच्या शब्दांना प्रथम प्रमाण मानणे, हा त्याचा खरा अर्थ होय. राजांची नावे ग्रंथांत सुरक्षित आहेत. सामी सुताराचे नाव मात्र त्या दगडावरच आहे. ते वाचणे हे आपले कर्तव्य आहे.