दुसऱ्याच्या संगणकावर चालणारी स्क्रिप्ट

प्रोग्रामच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट 2005 मध्ये लायनस टॉरवाल्ड्सने लिहिलं, ते लिनक्सच्या विकासासाठी. गाभा सी भाषेत होता, पण रोज लागणाऱ्या कितीतरी कमांड म्हणजे शेल स्क्रिप्ट होत्या आणि काही पर्लमध्ये होत्या. निवड रास्तच होती. शेल स्क्रिप्ट ही आधीपासून असलेल्या छोट्या प्रोग्रामना एकामागून एक कामाला लावणारी साधी मजकुराची फाइल. ती कंपाइल करावी लागत नाही, आणि एक ओळ बदलली की लगेच चालवून पाहता येतं. साधन आकार घेत असताना याहून सोयीचं काही नाही.

हेच गिट विंडोजवर गेलं तेव्हा या कमांड रेंगाळू लागल्या. शेल बहुतेक बारीकसारीक कामासाठी नवी प्रोसेस उभी करतो. युनिक्स घराण्यात त्यासाठी ‘फोर्क’ आहे. चालू प्रोसेसची प्रत निघते, पण मेमरी लगेच उतरवली जात नाही. जिथे बदल होईल तेवढ्याच भागाची वेगळी प्रत होते, त्यामुळे खर्च फार कमी. विंडोजमध्ये असा फोर्क नाही. तिथे युनिक्सचा शेल चालवायचा तर मधला एक थर फोर्कची नक्कल करतो. तो नवी प्रोसेस सुरू करतो आणि जुनीची मेमरी खरोखर तिच्यात भरतो. लिनक्सवर जाणवतही नाही असा हा खर्च शेकडो वेळा झाला की माणूस पडद्याकडे बघत बसतो. शिवाय विंडोजवर बॅश हा शेल आणि पर्ल मुळात नसतात, म्हणून गिटला ते सोबत घेऊन जावं लागलं.

मग एकेक कमांड सीमध्ये नव्याने लिहिली गेली. ‘रीबेस’ डिसेंबर 2018 च्या 2.20 आवृत्तीत आली, ‘स्टॅश’ 2019 च्या 2.22 मध्ये. हे काम वर्षानुवर्षं चाललं, आणि ‘गुगल समर ऑफ कोड’ या उपक्रमातून भारतीय विद्यार्थ्यांनीही त्यातला मोठा वाटा उचलला. आपल्याकडच्या मुलांनी जगभरच्या प्रोग्रामरांचं रोजचं साधन असं आतून बदलावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वेग सोडला तरी शेलचे छोटे सापळे पुष्कळ. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन चिन्हं असतात, लिनक्सवर एक. विंडोजवर जतन केलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की ते जास्तीचं चिन्ह इंटरप्रिटरच्या नावाला चिकटतं आणि ‘असा इंटरप्रिटरच नाही’ असं उत्तर येतं. ‘सेड’ ही मजकूर बदलणारी कमांड लिनक्सवर आणि मॅकवर एकाच नावाची, पण फाइल जागच्या जागी बदलायला सांगितली की मॅकवरची आधी जुन्या प्रतीच्या नावाला कोणता प्रत्यय लावायचा ते मागते. मॅकसोबत येणारा बॅश तर 3.2 वरच थांबला आहे, कारण पुढच्या आवृत्त्यांचा परवाना ॲपलने स्वीकारला नाही.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे पायथन वापरा. तो बराचसा बरोबर आहे. फोल्डरच्या वाटा, प्रोसेस, चुका हाताळणं हे सगळं पायथन एकसारखं करून देतो. मात्र विंडोजवर तो आधीपासून नसतो, आणि मॅकमधला जुना पायथन 2022 मध्ये ॲपलने काढूनच टाकला. दुसरी अडचण थेट मराठीपर्यंत येते. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे बाइटची अक्षरं कशी करायची ते, सांगितलं नाही, तर पायथन आजवर विंडोजची स्थानिक पसंती धरत आला; इंग्रजी विंडोजवर ती 1252 क्रमांकाची. आपली अक्षरं यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकी तीन बाइट घेतात. फाइलमध्ये नुसतं ‘मराठी’ असेल तर त्या बाइटची लॅटिन चिन्हं होतात आणि स्क्रिप्ट निमूट पुढे जाते. ‘महाराष्ट्र’ असेल तर ती तिथेच कोसळते, कारण हलन्ताच्या शेवटच्या बाइटला 1252 मध्ये चिन्हच नेमलेलं नाही. म्हणजे 1252 मध्ये चिन्ह नसलेला बाइट आला की चूक कळते, नाही आला की मजकूर गुपचूप बिघडतो. यातली दुसरी गोष्ट मला जास्त घातक वाटते. पायथन 3.15 पासून यूटीएफ-8 हीच मूळ पसंती ठरली आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांवर प्रत्येक वेळी एन्कोडिंग स्पष्ट लिहिणं एवढंच हातात.

तिसरी वाट 2012 मध्ये 1.0 आवृत्ती आलेल्या गो भाषेची. लिनक्सवर बसून विंडोज आणि मॅकसाठीही एकसंध फाइल तयार करता येते आणि समोरच्याला आणखी काही बसवावं लागत नाही. त्याची किंमत अशी की वापरणारा ती फाइल उघडून दोन ओळी बदलू शकत नाही.

माझं मत असं की भाषा कोणती हा प्रश्न नंतरचा. आधी विचारावं, ही स्क्रिप्ट कुणाच्या संगणकावर चालणार आणि तिथे आधीपासून काय असणार? गुगलच्या शेलविषयक नियमावलीत शंभर ओळींच्या पुढे गेलेली स्क्रिप्ट दुसऱ्या भाषेत लिहा असं म्हटलं आहे. दहा ओळींची स्क्रिप्टसुद्धा अनोळखी माणसांच्या तीन प्रकारच्या संगणकांवर जाणार असेल, तर मी शेल टाळेन. उलट आपल्याच सर्व्हरवर चालणारी दोनशे ओळींची स्क्रिप्ट खुशाल शेलमध्ये राहू द्यावी.

गिटनेही शेल सोडलेला नाही. त्याच्या चाचण्या आजही प्रामुख्याने शेल स्क्रिप्टच आहेत. त्या चालवणारे गिट घडवणारेच असल्यामुळे शेल त्यांच्याकडे असतोच, आणि मोडलेली चाचणी उघडून ते दोन मिनिटांत वाचू शकतात.