बंब का तापत नाही?

नरकचतुर्दशीची पहाट. अंगणात पणत्या लागल्या आहेत, उटणे कालवून तयार आहे, पाट मांडला आहे. आणि न्हाणीघराशेजारचा तांब्याचा बंब मात्र नुसता धुमसत बसला आहे. बंबफोडीचा भारा निम्मा संपला, तरी पाणी कोमटच! अशा वेळी घरात तीन मते पडतात. एक म्हणतो, लाकडेच वाईट. दुसरा म्हणतो, थंडीच कडाक्याची. आणि तिसरा निकाल देऊन मोकळा होतो, की बंब जुना झाला, तो आता मोडीत घालावा. दोन पिढ्यांना ऊन पाणी पुरविणाऱ्या भांड्याला अशा रीतीने चौकशीवाचूनच शिक्षा होते. वास्तविक न तापणारा बंब बहुधा निकामी झालेला नसतो. उष्णतेची वाट कोठेतरी अडलेली असते, एवढेच. ती कोठे अडली हे कळले, म्हणजे निम्मी दुरुस्ती झालीच असे समजावे.

त्यासाठी बंबाची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. बंब म्हणजे एक उभे, गोल भांडे. त्याच्या मधोमध तळापासून वरपर्यंत एक रुंद नळी गेलेली असते. नळीच्या तळाशी लोखंडी जाळी असते. जाळीवर विस्तव, जाळीखाली राख पडण्यास मोकळी जागा आणि नळीच्या सभोवार पाणी. चुलीवरच्या हंड्याला आच लागते ती मुख्यतः बुडाशी. बाकीची बाजूंनी निसटून जाते. बंबात विस्तव पाण्याच्या ऐन मध्यभागी असल्यामुळे पुष्कळशी उष्णता पाण्यालाच मिळते. शिवाय तांबे हे उष्णतेचे उत्तम वाहक आहे. लोखंडाच्या सुमारे पाचपट सुलभतेने ते उष्णता वाहून नेते. विस्तवापासून नळीच्या पत्र्याकडे आणि पत्र्यापासून पाण्याकडे, असा हा उष्णतेचा प्रवास होय.

या प्रवासाचा हिशेबही मांडता येतो. १ लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते. तेव्हा २० लिटर पाणी २० अंशांपासून ४५ अंशांपर्यंत तापविण्यास ५०० किलोकॅलरी पुरतात. १ किलो सुक्या लाकडापासून सुमारे ३,५०० किलोकॅलरी मिळतात. धुराबरोबर बरीच उष्णता जाते हे खरे. तरी एक बादली पाण्यासाठी लाकडांचा भारा संपत असेल, तर उष्णता पाण्याकडे न जाता दुसरीकडे जात आहे, हे उघड आहे.

शोध घेताना सोप्या गोष्टीपासून आरंभ करावा आणि एका वेळी एकच गोष्ट तपासावी. चार उपाय एकदम केले, तर गुण कोणत्या उपायाने आला ते कळत नाही.

पहिला प्रश्न असा, की बिघाड खरोखर आहे काय? तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी तळाशी राहते. बहुतेक बंबांची तोटी तळाजवळ असते. त्यामुळे वरचे पाणी कढत झाले असूनही पहिली कळशी कोमट निघते. ती वरच्या तोंडातून पुन्हा बंबात ओतावी आणि मग पाहावे. कित्येकदा तक्रार येथेच मिटते.

ती मिटली नाही, तर जाळीकडे वळावे. हवेवाचून अग्नी जगत नाही, आणि बंबातील विस्तवाला हवा मिळते ती जाळीच्या फटींतून. राख साचून फटी बुजल्या, की विस्तव गुदमरतो. ज्योत मंदावते आणि काळा धूर निघतो. थंड बंबातील राख रोजच्या रोज काढून जाळी मोकळी केली, की हा दोष नाहीसा होतो.

त्यानंतर लाकडांची परीक्षा करावी. ताज्या तोडलेल्या लाकडात त्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. उकळत्या १ लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे तेवढ्यात एक बादली स्नानाचे पाणी तापले असते! ओले लाकूड आधी स्वतःला वाळवते आणि मग उरलेली उष्णता आपल्याला देते. म्हणूनच जाणती माणसे पावसाळ्यापूर्वीच बंबफोड फोडून आडोशाला रचून ठेवतात.

हवा आणि लाकूड दोन्ही ठीक असूनही पाणी तापत नसेल, तर दोष पत्र्याच्या एका किंवा दुसऱ्या अंगास असतो. आतल्या अंगास, म्हणजे विस्तवाकडील बाजूस, काजळी धरते. काजळी उष्णतेची मंदवाहक आहे. तिचा थर जमला, की तांब्याच्या पत्र्यावर घोंगडी पांघरल्यासारखे होते. बंब पूर्ण निवाल्यावर लांब काठीला खराट्याचे काड्यांचे टोक बांधून नळी आतून खरवडावी.

दुसऱ्या अंगास, म्हणजे पाण्याकडील बाजूस, पांढरा कठीण थर बसतो. दख्खनच्या पठारावरील अनेक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. त्यात साबणाला फेस चटकन येत नाही. अशा पाण्यात विरघळलेले चुन्याचे क्षार पाणी तापताच अविद्राव्य होतात आणि पत्र्याला चिकटतात. हा थरही उष्णतेला अडवितो. तो छिन्नीने फोडू जाऊ नये; पत्र्याला भोक पडेल. चिंचेच्या कोळाचे किंवा लिंबाचे पाणी त्यावर काही वेळ ठेवावे. आम्लाची क्षाराशी क्रिया होऊन बारीक बुडबुडे निघतात आणि थर सुटू लागतो. मात्र आंबट पाणी तांब्यात फार वेळ राहू देऊ नये, ते पिऊ नये, आणि नंतर बंब स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुवावा.

राख ओली लागत असेल किंवा विस्तवावर चुर्र आवाज येत असेल, तर नळीचा सांधा सुटला आहे असे ओळखावे. हे काम घरचे नव्हे, तांबटाचे. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांनी ती गजबजली. पत्रा ठोकून घडविणे, सांध्याला डाख देणे ही त्यांची पिढीजात विद्या. डाखातील कथील व शिसे २०० अंशांच्या आसपास वितळते. पाणी भरलेले असते तोवर पत्रा फारसा तापत नाही आणि सांधे टिकतात. रिकाम्या बंबात विस्तव घातला, तर ते निखळतात. यासाठी आधी पाणी, मग विस्तव, हा क्रम कधीही मोडू नये.

याहूनही मोठी एक सावधगिरी आहे. गुदमरलेल्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही; त्यामुळे तो आल्याची सूचना मिळत नाही. बंद न्हाणीघरात त्याने माणसाचा प्राण जातो. म्हणून बंब पेटवावा तो उघड्यावरच, आणि विस्तवाजवळ वडील माणूस असावे. पाणी भरण्याचे वरचे तोंडही घट्ट बंद करू नये. वाफेला वाट हवी.

आज पुष्कळ घरांत बंबाची जागा विजेच्या तापकाने घेतली आहे. पण जड पाण्याचा तोच पांढरा थर त्याच्या तापणाऱ्या कांडीवरही बसतो, आणि पाणी तापण्यास वेळ लागू लागतो. तेथे दुरुस्ती जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावी. विचार करण्याची पद्धत मात्र तीच.

दिवाळीच्या पहाटेचा तो बंब मोडीत घालण्याची गरज नव्हती. कदाचित त्याच्या जाळीत मूठभर राख तेवढी अडकली असेल. ती निघाली, की वारा आत शिरतो, ज्योत उभी राहते, आणि थोड्याच वेळात तोटीतून कढत पाण्याची धार घंगाळात पडू लागते.