जसा घास, तसे दात

बैलबाजारात एक दृश्य हमखास दिसते. घेणारा पुढे होतो, बैलाचा खालचा ओठ बोटांनी सारतो आणि आधी दात पाहतो. शिंगे, खांदा, चाल या गोष्टी नंतर. दुधाचे दात असले तर तो आदत. साधारण दोन-अडीच वर्षांनी पक्क्या दातांची पहिली जोडी आली की दुसा, दुसरी आली की चौसा आणि आठही दात आले की जुळलेला. माझे वडील चौथीपर्यंतच शिकले, पण हा हिशेब त्यांना कधी चुकत नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी हे दात असेच का, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत असे. महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात त्याचा शोध घेतला. जे समजले ते येथे मांडतो.

बैलाला एकूण 32 दात असतात. परंतु वरच्या जबड्यात पुढे एकही नसतो. तेथे हिरडीची टणक गादी असते. जिभेने गवताचा झुपका ओढायचा, खालचे आठ दात त्या गादीवर दाबायचे आणि मान हिसकून तोडायचे, ही त्याची रीत. खरे काम मागच्या दाढांचे. आपल्या घरातले जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावून घ्यावी लागते. बैलाच्या दाढेला ती लागत नाही. दाढेत एनॅमल हा अतिशय कठीण थर आणि डेंटीन हा त्याहून मऊ भाग यांच्या घड्या असतात. मऊ भाग लवकर झिजतो, कठीण कडा वर राहतात आणि दाढ कायम खरखरीत राहते. जबड्याचा सांधा दातांच्या रांगेपेक्षा बराच वर असतो. त्यामुळे एका बाजूच्या सर्व दाढा जवळजवळ एकाच वेळी टेकतात आणि जबडा आडवा फिरून चारा दळतो.

याउलट आपली मांजर पाहा. तिला 30 दात. सुळे भक्ष्य पकडण्यासाठी आणि बाजूचे धारदार दात मांस कापण्यासाठी. तिच्या जबड्याचा सांधा दातांच्या रांगेच्या पातळीजवळच असतो, म्हणून दात अडकित्त्यासारखे मागून पुढे मिटत जातात. हा जबडा आडवा फिरवून दळता येत नाही. बैलाचे गालाचे स्नायू मोठे, तर मांजरीचे कानशिलाकडचे. कुत्र्याला 42 दात असतात. कापणाऱ्या दातांमागे त्याला थोड्या रुंद दाढाही असतात; म्हणूनच तो हाडाबरोबर आपली भाकरीही खातो. उंदराचे पुढचे दात तर जन्मभर वाढतच राहतात. त्यांच्यावर एनॅमल केवळ पुढच्या बाजूला असते. मागची बाजू आधी झिजते व दाताला पटाशीसारखी धार राहते.

आता प्रश्न असा की, हे सारे घडले कसे? प्राण्याला गरज वाटली म्हणून दात उगवले, असे आपण सहज बोलून जातो. ते बरोबर नाही. घोड्याचे उदाहरण घेऊ. उत्तर अमेरिकेत सापडलेल्या जीवाश्मांवरून दिसते की, सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी घोड्याचे पूर्वज कुत्र्याएवढे होते आणि त्यांच्या दाढा बुटक्या होत्या. ते कोवळा पाला खात. पुढे हवामान कोरडे होत गेले व गवताची माळराने पसरली. गवताच्या पात्यात वाळूच्याच जातीचे, सिलिकाचे, बारीक कण असतात. शिवाय जमिनीलगतच्या चाऱ्यावर धूळ असते. बुटकी दाढ अशा चाऱ्याने लवकर झिजते. एकाच कळपातल्या सर्वांचे दात काही सारखे नसतात. ज्यांच्या दाढा किंचित उंच होत्या ते जास्त वर्षे चरू शकले आणि त्यांची पिल्ले अधिक जगली. लाखो पिढ्यांत त्याच दाढा उंच होत गेल्या. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या मेरिकिप्पस या घोड्यात त्या चांगल्याच उंच झालेल्या दिसतात. पाला खाणारे बुटक्या दाढांचे घोडेही त्या काळात होतेच. म्हणजे ही सरळ शिडी नव्हे, फांद्या फुटलेले झाड आहे. चार्ल्स डार्विनने 1859 साली मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच.

परंतु उंच दाढेलाही अंत आहे. हत्तीच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यात एकामागून एक सहा दाढा येतात. जुनी झिजली की मागची पुढे सरकते. साठीच्या आसपास शेवटची दाढ झिजली की हत्तीला चावता येत नाही आणि तो खंगत जातो.

माणसाने मात्र यातून वाट काढली. दगडी हत्याराने चिरणे आणि विस्तवावर शिजवणे सुरू झाल्यावर दातांचे बरेच काम तोंडाबाहेरच होऊ लागले. आपले जबडे पूर्वजांपेक्षा लहान झाले. अक्कलदाढेला कित्येकांच्या तोंडात जागा उरत नाही, ती यामुळेच.

हे वाचताना मला आमचा म्हातारा बैल आठवला. गेल्या उन्हाळ्यात तो कडब्याचे अर्धवट चावलेले बोळे गव्हाणीत टाकू लागला. वडिलांनी त्याला बाजारात नेले. कासरा माझ्या हातात होता. व्यापाऱ्याने तोंड उघडून पाहिले आणि अशी किंमत सांगितली की वडील काही न बोलता माघारी वळले. पैशांची गरज तर होतीच. घरी आल्यावर त्यांनी कोयता घेतला आणि कडब्याची बारीक कुट्टी केली. आईने सरकीची पेंड भिजत घातली. बैलाने घमेले चाटूनपुसून रिकामे केले.

आता त्याला औताला जुंपत नाहीत. पण तो अजून दावणीला आहे आणि सुट्टीत घरी गेलो की कुट्टी करण्याचे काम माझ्याकडे असते.