कातडे बिबट्याचे, मांजर घरचे

स्मरणिकेच्या संपादकांचा दूरध्वनी आला की मी दरवर्षी गोवर, बालदमा किंवा शिशुआहार यांपैकी एखाद्या विषयावर चार पाने लिहून मोकळा होतो. यंदा मात्र एका मांजरीविषयी लिहावयाचे ठरविले आहे. बालरोगतज्ज्ञाने पशुवैद्यांच्या अंगणात विनाकारण शिरू नये, हे मला मान्य आहे. तथापि ही मांजरी जो प्रश्न घेऊन आमच्या कुटुंबात आली, तो आपणा सर्वांच्या दवाखान्यात कधी ना कधी येतोच; शिवाय तिच्या जातीच्या इतिहासात एका महत्त्वाच्या वळणावर एक बालरोगतज्ज्ञच उभा आहे.

२०२३ साली आमच्या कन्येला दिवस गेले, तेव्हा आम्ही उभयता तिच्याकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो. पहिल्याच दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर फ्रिजच्या माथ्यावरून दोन हिरवट डोळे माझ्यावर रोखलेले. सोनेरी अंग, त्यावर काळ्या कडांची तपकिरी वर्तुळे, पोटावर ठिपके, शेपटीला कडी आणि तिचे टोक काळेभोर. क्षणभर खरोखरच बिबट्याचा बछडा पाहत असल्याचा भास झाला. ही बेंगॉल जातीची मांजरी. लेकीने नाव ठेवले होते चित्रा.

सौभाग्यवतींनी त्याच संध्याकाळी निर्णय जाहीर केला : "अगं, हे रानातलं जनावर! बाळ यायच्या आत याची दुसरीकडे सोय करा." जावईबापू गप्प राहिले. कन्या माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही आजोबा म्हणून नका सांगू, डॉक्टर म्हणून सांगा."

हे वाक्य मला बोचले. त्यामागे एक जुनी खूण होती. सुमारे वीस वर्षांपूर्वी इंदूरच्या माझ्या दवाखान्यात एक गृहिणी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. तिला पुन्हा दिवस गेले होते. बोलता बोलता तिने घरात मांजर असल्याचे सांगितले, आणि मी औषधाच्या चिठ्ठीवरची नजरही न उचलता म्हणालो, "मांजर काढून टाका." मांजर काय खाते, बाहेर हिंडते का, तिची घाण कोण काढते, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. पुढच्या खेपेला तो मुलगा माझ्या टेबलाशी उभा राहून म्हणाला, "तुम्हीच आमची मनी घालवलीत ना?" त्याला द्यावयाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून या वेळी उत्तर देण्यापूर्वी मी चार दिवसांचा अवधी मागून घेतला आणि अभ्यासाला बसलो.

रानातील पूर्वज

बेंगॉल हे नाव आपल्या बंगालवरूनच आले आहे. इंग्रजीत 'लेपर्ड कॅट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रानमांजराचे शास्त्रीय नाव प्रायोनायल्युरस बेंगालेन्सिस. रॉबर्ट केर यांनी १७९२ मध्ये या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले. हिमालयाचा पायथा, ईशान्य भारत आणि सह्याद्रीची जंगले येथे तो आढळतो. अशा लहान, ठिपकेदार रानमांजरांना आपल्याकडे वाघाटी म्हणतात. आकार घरच्या मांजराएवढाच, पण स्वभाव अतिशय भित्रा, एकलकोंडा आणि निशाचर. आपले घरगुती मांजर मात्र आफ्रिका व पश्चिम आशियातील निराळ्या रानमांजरापासून उत्पन्न झाले. म्हणजे घरची मनी आणि वाघाटी यांचे नाते सख्खे नव्हे. लक्षावधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन शाखांचे ते दूरचे भाऊबंद होत. दोघांच्याही पेशींत गुणसूत्रे मात्र ३८ च, आणि म्हणूनच त्यांचा संकर शक्य होतो.

असा हेतुपूर्वक संकर जीन मिल या कॅलिफोर्नियातील बाईंनी १९६३ मध्ये प्रथम घडवून आणला. त्या काळी ठिपकेदार कातड्यांसाठी रानमांजरे मारली जात आणि त्यांची पिल्ले विक्रीला येत. तोच देखणा पेहराव घरगुती मांजराला लाभला, तर रानातील जीव वाचतील, अशी त्यांची कल्पना होती. पुढे कौटुंबिक आपत्तीमुळे ते काम थांबले.

येथे आपल्या व्यवसायबंधूंचा प्रवेश होतो. डॉ. विलर्ड सेंटरवॉल हे बालरोगतज्ज्ञ आणि आनुवंशशास्त्रज्ञ. फेनिलकीटोन्युरिया या चयापचयाच्या जन्मजात विकारासाठी बाळाच्या ओल्या लंगोटावर फेरिक क्लोराइडचे थेंब टाकून हिरवा रंग पाहण्याची सोपी चाचणी त्यांनी १९५७ मध्ये मांडली. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरील गथ्री चाचणी त्यानंतरची. दक्षिण भारतातील रक्तसंबंधातील विवाह आणि जन्मजात व्यंगे यांविषयी त्यांनी पत्नीसमवेत केलेला अभ्यास १९६६ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकातच प्रसिद्ध झाला. पुढे, मांजरांत रक्ताचा कर्करोग निर्माण करणाऱ्या विषाणूला हे रानमांजर दाद देत नसावे आणि ही प्रतिकारशक्ती संकरित संततीत उतरेल का, हे तपासण्यासाठी त्यांनी संकरित पिल्ले निपजविली. रक्ताचे नमुने घेऊन झाल्यावर या पिल्लांना घर हवे होते. त्यांपैकी काही १९८० मध्ये जीन मिल यांच्याकडे आली आणि थांबलेले काम पुन्हा सुरू झाले.

यानंतरचा टप्पा तर चक्क दिल्लीत आहे. १९८२ मध्ये भारतभेटीवर आलेल्या मिल यांना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात राहणारे एक नारिंगी, ठिपकेदार, भटके मांजर दिसले. त्याला त्या अमेरिकेत घेऊन गेल्या. बेंगॉलच्या केसांवर उन्हात जी सोनेरी झळाळी दिसते, ती याच दिल्लीकर बोक्याची देणगी, असे पैदासकार मानतात. १९८३ मध्ये 'टिका' या आंतरराष्ट्रीय मांजर संघटनेने जातीची नोंद घेतली आणि १९९१ मध्ये तिला स्पर्धेत पूर्ण मान्यता दिली.

रक्ताचा हिशेब

रानमांजर आणि घरगुती मांजर यांच्या पहिल्या पिढीत रानाचा वाटा निम्मा. तिचा पुन्हा घरगुती मांजराशी संकर केला की २५ टक्के, मग साडेबारा, मग सव्वासहा, असा तो घटत जातो. सुरुवातीच्या पिढ्यांतील नर वंध्य असतात. साधारणतः चौथ्या पिढीच्या सुमारास नरांची प्रजननक्षमता परत येते. संकरात एकच लिंग वंध्य निघाले, तर ते दोन भिन्न लिंग-गुणसूत्रे असलेले असते, हा जे. बी. एस. हाल्डेन यांचा १९२२ चा नियम येथे प्रत्ययास येतो. पहिल्या पिढ्यांची मांजरे घरात ठेवण्याजोगी नव्हेत. ती भेदरतात, लपतात, जागोजागी मूत्रविसर्जन करतात. चित्रासारखी घरोघर दिसणारी बेंगॉल मात्र कित्येक पिढ्यांनंतरची असते.

येथवर आले तरी सौभाग्यवतींचा आक्षेप कायम होता : "थोडं का होईना, रक्त रानाचंच ना?" याचे नेमके उत्तर त्या वेळी मजजवळ नव्हते. ते २०२४ मध्ये मिळाले. अमेरिकन संशोधकांनी सुमारे १५ वर्षे मांजरांच्या प्रदर्शनांतून हिंडून जवळजवळ एक हजार बेंगॉल मांजरांचे डी.एन.ए. नमुने गोळा केले होते. त्यांच्या जनुकसंचात रानमांजराचा वाटा सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. त्याहून महत्त्वाचे असे की, ज्या बिबट्यासारख्या रूपासाठी हा सारा खटाटोप झाला, ते रूपही बहुतांशी रानमांजराच्या जनुकांतून आलेले नाही. घरगुती मांजरांत पूर्वीपासूनच विखुरलेली जनुकरूपे पैदासकारांनी पिढ्यानुपिढ्या निवडून एकत्र आणली आणि त्यांतून हा पेहराव सिद्ध झाला. थोडक्यात, ज्या कातड्याला पाहून आम्ही दचकलो, ते बव्हंशी गल्लीतल्या मांजरीच्याच पदरचे होते.

सहवास

मग चित्रा वेगळी नव्हती का? होती. नळ सुटला की धावत येई, धारेखाली पंजा धरी, आपले खेळणे पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवी. घरातील सर्वांत उंच जागा तिची. दिवसातून दोन वेळा तरी कोणी तिच्याशी दमेपर्यंत खेळले नाही, तर ती कपाटाची दारे उघडून आतील वस्तू बाहेर काढी आणि विचित्र घोगऱ्या स्वरात तक्रार करी. लेकीने भिंतीवर चढत्या फळ्या बसविल्या होत्या, पळण्यासाठी एक मोठे चाक आणले होते, आणि गच्चीला जाळी लावून तिला ऊन-वाऱ्याची सोय केली होती. एवढे करण्याची तयारी नसेल, त्याने या जातीच्या वाटेस जाऊ नये. रूपावर भाळून आणलेली आणि मग रिकाम्या सदनिकेत कोंडलेली बेंगॉल घराची नासधूस करते आणि तिला 'रानटी' ठरवून टाकून दिले जाते. दोष जातीचा नसतो, न भागलेल्या गरजेचा असतो.

आणखी एक गोष्ट. थोड्या पूर्वजांपासून वाढविलेल्या प्रत्येक जातीप्रमाणे हिलाही आनुवंशिक विकारांची किंमत मोजावी लागते. दृष्टिपटलाचा एक विकार पिल्लपणीच सुरू होऊन वर्षभराच्या सुमारास अंधत्व आणतो. पायरुव्हेट कायनेजच्या अभावाने तांबड्या रक्तपेशी फुटून पांडुरोग होतो. दुसरा विकार आपण मुलांतही पाहतो. हे दोन्ही विकार आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच संततीत प्रकटतात आणि दोन्हींची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. पिल्लू घेताना ठिपक्यांपेक्षा या चाचण्यांचे कागद आधी पाहावेत.

चौथ्या दिवसाचे उत्तर

गर्भवतीच्या दृष्टीने खरी धास्ती टॉक्सोप्लाझ्माची. कन्येची प्रतिपिंडांची चाचणी नकारार्थी होती. म्हणजे तिला पूर्वी संसर्ग झालेला नव्हता आणि म्हणूनच संरक्षणही नव्हते. गरोदरपणात प्रथमच संसर्ग झाला, तर गर्भाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते, हे मी तिच्यापासून लपविले नाही. पण यातील मांजराची भूमिका नीट समजून घ्यावी लागते. मांजराला हा संसर्ग उंदीर, पक्षी किंवा कच्चे मांस खाल्ल्याने होतो. सामान्यतः पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडेच त्याच्या विष्ठेतून ऊसिस्ट बाहेर पडतात, आणि ते ताजे असताना संसर्गक्षम नसतात. त्यासाठी त्यांना बाहेर एक ते पाच दिवस लागतात. चित्रा पिल्लपणापासून घरातच वाढलेली, शिकार नाही, कच्चे मांस नाही. मांजर अंगावर घेतल्याने, कुरवाळल्याने हा रोग होत नाही. अर्धवट शिजलेले मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतील माती यांची भीती अधिक बाळगावी.

तेव्हा मी कागदावर रीतसर लिहून दिले : लिटर बॉक्स रोज न चुकता साफ व्हावा आणि ते काम जावईबापूंनी करावे, कन्येने त्याला हात लावू नये, चित्राला कच्चे मांस देऊ नये, कन्येने मांस पूर्ण शिजवूनच खावे, भाज्या व फळे धुऊन घ्यावीत, बागकाम हातमोजे घालून करावे. बाळ आल्यावर त्याच्या झोपण्याच्या खोलीचे दार बंद राहील आणि मोठे माणूस जवळ असल्याखेरीज दोघांना एकत्र ठेवले जाणार नाही. मांजराचे लसीकरण व पिसवांचा बंदोबस्त वेळेवर व्हावा. शेवटी लिहिले : मांजर काढण्याची आवश्यकता नाही.

सौभाग्यवतींनी तो कागद दोनदा वाचला आणि फ्रिजच्या दारावर चिकटवला. जावईबापूंनी गरोदरपण संपेपर्यंत एक दिवसही खाडा केला नाही.

नात सुखरूप जन्मली. तिला पाहायला मी पुन्हा गेलो, तेव्हा चित्रा बंद दाराबाहेर पायपुसण्यावर बसून राहत असे. बाळ रडले की ती आधी उठे आणि मग आम्ही. आता नात दोन वर्षांची झाली आहे. व्हिडिओ कॉलवर ती मांजरीकडे बोट दाखवून 'माऊ' म्हणते. वाघ किंवा बिबट्या असे तिला अद्याप कोणी शिकविलेले नाही.

त्यानंतर माझ्या दवाखान्यात एक छोटा बदल झाला आहे. घरात मांजर आहे असे कोणी गर्भवती सांगू लागली की मी लेखणी खाली ठेवतो आणि आधी विचारतो : मांजर काय खाते, बाहेर जाते का, घाण कोण काढते? या तीन प्रश्नांना दोन मिनिटे लागतात. आणि एखादी आई आपल्या चपळ, हट्टी, एका जागी न बसणाऱ्या मुलाकडे बोट दाखवून "डॉक्टरसाहेब, हा अगदी रानटी आहे हो, याच्या आजोबांवर गेलाय," म्हणते, तेव्हाही रक्ताचा हिशेब बाजूला ठेवून मी विचारतो : याला दिवसातून किती वेळ मोकळे खेळायला मिळते? बहुतेक वेळा उत्तर देण्यापूर्वी ती माउली थोडा वेळ गप्प राहते.

तो सहा वर्षांचा मुलगा आता सव्विशीत असेल. तो कोठे आहे, मला ठाऊक नाही. भेटला, तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे मात्र राहून गेले आहे : होय बाळ, तुझी मनी मीच घालवली, आणि तिला घालविण्याची गरज आहे की नाही, हे मी विचारलेसुद्धा नव्हते.