मुंबई-लंडन: अंतर तेच, मग येताना वेळ कमी का लागतो?

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. जाताना विमानाला साधारण १० तास लागतात, येताना मात्र ९ तासांच्या आसपास. कारण आहे वारा. सुमारे १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना विमानाला मागून ढकलतात.

तिकिटावरच्या वेळा मात्र त्या त्या शहराच्या असतात. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ भारताच्या साडेपाच तास मागे असतं. त्यामुळे तिथून दुपारी १ वाजता निघालेलं विमान मुंबईत उतरतं ते दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनच्या सुमारास. कुणाला आणायला जाणार असाल, तर निघण्याची नाही, पोहोचण्याची तारीख बघा!