पाचव्या तारेवर कोण बसलंय?

गाणे सुरू होते, सुरुवातीचा एक तुकडा स्वच्छ वाजतो आणि मग तोच तुकडा पुन्हा वाजतो. पुन्हा. परत पुन्हा. गायकाच्या तोंडून निघालेला अर्धा शब्द थांबायचे नावच घेत नाही. १९९०च्या दशकात ज्यांनी आपल्या संगणकावर लिनक्स किंवा फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी प्रणाली चढवून पाहिली, त्यांच्यातल्या अनेकांना हा आवाज पाठ होता. वैतागून स्पीकरची पिन उपटावी असाच तो असे. मला मात्र तो फार प्रामाणिक बिघाड वाटतो, कारण यंत्राच्या पोटात नेमके काय चालू आहे आणि काय अडले आहे, हे तो थेट कानात सांगतो.

कसे ते पाहू. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला ४४,१०० नमुने लागतात. डावी-उजवी अशा दोन वाहिन्या आणि प्रत्येक नमुन्याला दोन बाइट धरले, तर सेकंदाला १,७६,४०० बाइट झाले. प्रोसेसर एकेक बाइट उचलून साउंड कार्डाला भरवत बसला तर त्याला दुसरे काही सुचायचे नाही. म्हणून मेमरीचा एक तुकडा, समजा ६४ किलोबाइटांचा, आवाजासाठी राखून ठेवतात. मदरबोर्डवरची डीएमए ही वेगळी यंत्रणा तो प्रोसेसरला न विचारता कार्डाकडे वाहून नेते आणि शेवटाला पोचली की आपोआप पुन्हा सुरुवातीला येते. प्रत्येक टप्पा वाजून झाला की कार्ड एका तारेवरून प्रोसेसरला इशारा देते: एवढी जागा रिकामी झाली, नवा आवाज भर. हा इशारा म्हणजे इंटरप्ट. त्याच्या तारेला आयआरक्यू म्हणतात आणि प्रत्येक तारेला क्रमांक असतो.

आता कार्ड सातव्या तारेवर इशारे देते आहे आणि ड्रायव्हर, म्हणजे कार्ड हाताळणारी आज्ञावली, पाचव्या तारेकडे डोळे लावून बसली आहे, असे धरा. डीएमएला याची गंधवार्ता नाही. ती इमानेइतबारे तोच तुकडा फिरवत राहते. नवा आवाज भरायला कोणी येत नाही, म्हणून जुनाच पुन्हा वाजतो. ६४ किलोबाइट म्हणजे साधारण ०.३७ सेकंदांचा आवाज, आणि अडकलेला तुकडाही तेवढाच लांब ऐकू येतो. मेमरीतला साठा केवढा आहे हे कानाने मोजता येते! थोड्या वेळाने लिनक्सचा ड्रायव्हर वाट पाहणे सोडतो आणि पडद्यावर एक ओळ उमटवतो: डीएमएची वेळ संपली, आयआरक्यू किंवा डीएमएची मांडणी चुकली आहे का? त्या ओळीच्या शेवटी खरोखर प्रश्नचिन्ह होते.

बाकीचे दोषही असेच ओळखू येतात. कार्डाशी बोलायचा पत्ता, म्हणजे पोर्ट, चुकला तर ड्रायव्हरला कार्ड सापडतच नाही. कार्ड सापडले पण आवाजच नाही, किंवा नुसती खरखर आहे, तर संशय डीएमएच्या वाहिनीवर. तुकडा घोळत राहिला तर आयआरक्यू.

एवढ्या गोंधळाचे मूळ टंचाईत आहे. १९८४च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये इंटरप्ट सांभाळणाऱ्या, आठ-आठ तारांच्या दोन चिप होत्या. दुसरी चिप पहिलीला जोडण्यातच एक तार खर्ची पडली, उरल्या पंधरा. त्यांतली ० घड्याळाच्या टिकटिकीची, १ कीबोर्डची, ३ आणि ४ सीरियल पोर्टांची, ६ फ्लॉपीची, १३ गणिती प्रोसेसरची, १४ हार्ड डिस्कची. साउंड कार्डाने बसायचे कुठे? ५ आणि ७ प्रिंटरांसाठी राखलेल्या होत्या, पण दुसरा प्रिंटर क्वचितच कोणाकडे असे. म्हणून ५ हा साउंड कार्डाचा ठरलेला पाट झाला. नेटवर्क कार्डांचीही नजर त्याच जागेवर असे, हे वेगळे सांगायला नको.

दोघांनी एक तार वाटून घ्यावी, तर आयएसए प्रकारच्या स्लॉटमध्ये ती सोय नव्हती. तिथे इशारा म्हणजे दाराची बेल एकदा दाबून सोडून देणे. दोन पाहुण्यांनी लागोपाठ दाबली तर आतल्याला एकच टिंग ऐकू येते आणि दुसरा बाहेरच राहतो. पुढे आलेल्या पीसीआय स्लॉटने नियम बदलला: काम होईपर्यंत बटण दाबूनच ठेवायचे. एकाचे काम झाले तरी बेल वाजतेच आहे, म्हणजे बाहेर आणखी कोणीतरी आहे.

एक खरी जोडी जवळून पाहण्यासारखी आहे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर १६ हे कार्ड १९९२ साली आले. कारखान्यातून निघताना त्याची मांडणी अशी असे: मुख्य पत्ता २२०, तार ५, आठ बिटांच्या आवाजासाठी डीएमएची वाहिनी १, सोळा बिटांसाठी ५, आणि मिडी वाद्यांसाठी पत्ता ३३०. त्याच काळात जड कामाच्या यंत्रांत अडॅप्टेकचे १५४२ हे स्कझी कार्ड असायचे. हार्ड डिस्क त्यालाच जोडलेली. त्याचा ठरलेला पत्ता ३३० आणि डीएमएची वाहिनी ५! गाणी ऐकायला म्हणून नवे कार्ड बसवावे आणि यंत्राला स्वतःची डिस्कच सापडू नये, असा हा प्रसंग. उपाय बोटभर लांबीचा होता. कार्ड बाहेर काढायचे, जंपरची, म्हणजे पिनांवर बसवायची, इवलीशी टोपी चिमटीत धरून मिडीचा पत्ता ३०० वर न्यायचा, आणि सोळा बिटांची वाहिनी ६ किंवा ७ वर. त्यात आणखी एक गंमत. कार्डावर तार २ निवडायचा जंपर असे, पण एटीमध्ये स्लॉटमधली २ क्रमांकाची तार प्रत्यक्षात ९ ला जोडलेली असते. कार्डावर २ निवडले की लिनक्सला ९ सांगावे लागे.

युनिक्ससारख्या प्रणालींचे मला मोठे अप्रूप वाटते ते इथे. लिनक्समध्ये प्रॉक नावाच्या फोल्डरात इंटरप्ट्स, आयओपोर्ट्स आणि डीएमए या तीन फाइली आहेत. डिस्कवर त्या कुठेच नाहीत. आपण वाचायला गेलो की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, त्या क्षणी त्या लिहून देतो. कोणती तार कोणाकडे आहे आणि तिच्यावर आतापर्यंत किती इशारे आले, सगळे साध्या आकड्यांत. गाणे लावायचे, फाइल वाचायची, क्षणभराने पुन्हा वाचायची. साउंड कार्डासमोरचा आकडा वाढला तर तार जिवंत आहे. शून्यावरच बसला असेल तर ड्रायव्हर भलत्याच तारेवर वाट पाहतो आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या आणि ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबतच्या सीडीवरून लिनक्स चढवलेल्या संगणकालाही हीच तपासणी लागू होती. सुरुवातीच्या काळात हे आकडे कर्नल बांधतानाच त्यात घालावे लागत. आकडा चुकला की अख्खा कर्नल पुन्हा बांधायचा.

मग जंपर गेले आणि १९९३ साली आयएसए प्लग अँड प्ले आले. त्याची युक्ती अचाट आहे. सगळी कार्डे माहितीच्या त्याच तारांवर, कोणालाच स्वतःचा पत्ता नाही, आणि तरीही एकेकाला वेगळे ओळखायचे. प्रोसेसर आधी २७९ या पत्त्यावर ३२ बाइटांची ठरलेली मालिका लिहितो. हा पत्ता प्रिंटरची स्थिती फक्त वाचण्याचा असल्यामुळे तिथे लिहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही. कार्डे मात्र ती मालिका ओळखून जागी होतात. प्रत्येकात ७२ बिटांची ओळख कोरलेली असते आणि प्रोसेसर ती एकेक बिट करून मागतो. ज्याचा बिट १ असेल ते कार्ड तारांवर आधी ०१०१०१०१ आणि मग १०१०१०१० ठेवते. ज्याचा ० असेल ते गप्प राहून कान देते, आणि कोणी बोलताना ऐकू आले तर त्या फेरीतून माघार घेते. दुसऱ्या वेळी प्रत्येक तार उलटी होत असल्यामुळे रिकाम्या तारेला कोणी उत्तर समजण्याची शक्यता उरत नाही. ७२ बिट संपेपर्यंत एकच कार्ड शिल्लक राहते. त्याला क्रमांक मिळतो आणि उरलेल्यांची फेरी सुरू होते.

लिनक्सला ही भाषा लगेच येत नव्हती. तोवर आयसापीएनपीटूल्स या आज्ञावली वापराव्या लागत. त्या कार्डाला काय काय चालते त्याची लांबलचक यादी काढून देत आणि हव्या त्या ओळी आपण हाताने खुल्या करायच्या. काही जण आधी डॉस सुरू करून त्याच्याकडून कार्ड मांडून घेत आणि वीज बंद न करता लोडलिन या आज्ञावलीने तिथूनच लिनक्समध्ये शिरत. कार्डाला दिलेले आकडे तसेच टिकत. जानेवारी २००१च्या २.४ कर्नलमध्ये हे काम कर्नल स्वतःच करू लागला.

पीसीआयमुळे तारा वाटून घेता आल्या, पण वाटणीचे स्वतःचे दुखणे असते. बेल वाजते आहे आणि त्या तारेवरचा प्रत्येक ड्रायव्हर म्हणतो आहे, माझ्याकडचे नाही. लिनक्स त्यासाठी मोजणी ठेवतो. गेल्या १,००,००० इशाऱ्यांपैकी ९९,९०० बेवारस निघाले, तर ‘नोबडी केअर्ड’ असे लिहून तो ती तारच बंद करतो. त्याच तारेवर बसलेले बिचारे साउंड कार्ड, त्याचा काही दोष नसताना, मुके होते.

आजच्या कार्डांना तारेची गरजच उरलेली नाही. कार्ड मेमरीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर छोटासा मजकूर लिहिते आणि तोच इशारा ठरतो. आता भांडण होते ते आवाजाच्या उपकरणांच्या क्रमाचे. मॉनिटरच्या एचडीएमआयला शून्य क्रमांक मिळतो, गाणे तिकडे जाते आणि स्पीकर गप्प. ‘एप्ले -एल’ ही आज्ञा दिली की कोण कितवा ते कळते. इंटरप्ट्सची फाइल मात्र अजून आहे. साध्या लॅपटॉपवरही ती उघडली की कीबोर्डसमोर १ आणि घड्याळाच्या चिपसमोर ८ हे १९८४च्या यंत्रातलेच आकडे सहसा दिसतात, आणि बरेच खाली आवाजाची ओळ, प्रत्येक कोअरने किती इशारे घेतले त्याच्या हिशेबासकट.