पत्रा, पाचोळा आणि पहिला पाऊस

पाऊस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कांदाभजी, लोणावळा, मरीन ड्राइव्हच्या लाटा... आम्हा उरणकरांना आधी आठवतो तो पत्रा. आणि त्यावर साचलेला बदामाचा पाचोळा!

२०२५ मध्ये तर पावसाने कमालच केली. मान्सून २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, नेहमीपेक्षा तब्बल १६ दिवस आधी. आमच्या घराची पावसाळी डागडुजी मेच्या शेवटी ठरलेली. फॅब्रिकेटर फोन उचलेना आणि इकडे पडवीत धार लागलेली. सत्तरी ओलांडलेले बाबा शांतपणे म्हणाले, "शिडी आण रे, मी बघतो वर जाऊन." खरं सांगतो, गळतीपेक्षा मला त्या वाक्याचीच जास्त भीती वाटली.

जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत येते, अटल सेतूही झाला. त्यामुळे माझ्यासारखे आठवडाभर मुंबईत आणि वीकएंडला आईबाबांच्या घरी असणारे पुष्कळ आहेत. हे खास त्यांच्यासाठी. तुम्ही पोचायच्या आत घरातलं कोणी वर चढू नये म्हणून!

भोक नव्हतंच!

पत्रा गळतोय म्हणजे भोक पडलंय, असं आपण धरूनच चालतो. आमच्याकडे भोक सापडलंच नाही. बदामाचं एक मोठं पान पन्हळीच्या पाइपच्या तोंडावर झाकणासारखं बसलं होतं. त्यावर चिंचेच्या बारीक पानांचा लगदा. पाणी तुंबलं, चढलं आणि दोन पत्र्यांच्या जोडातून उलटं आत आलं. वरचा पत्रा खालच्यावर चढवलेला असतो तो उतरून जाणाऱ्या पाण्यासाठी. साचलेलं पाणी त्या जोडाला जुमानत नाही. फटीतून ते वरच्या बाजूलाही ओढलं जातं. म्हणून पहिला उपाय एकदम फुकट: पाचोळा काढा. निम्मं काम तिथेच होतं.

पाऊस थांबू द्या. गळतीजवळ वायरिंग असेल तर मेन स्विच बंद. शिडी घट्ट जमिनीवर, धरायला एक माणूस. लांब बांबूला खराटा बांधून पानं खाली ओढा. पत्र्यावर पाय ठेवायची गरज नाही. ओला पत्रा साबणासारखा निसरडा असतो. छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर अजिबात चढू नका. तो पायाखाली सरळ फुटतो. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून खरवडूही नका. पन्हळीत हात घालताना जाड ग्लोव्हज हवेतच, ओल्या पाचोळ्यात विंचूही असू शकतो. शेवटी पाइपच्या तोंडावर कोंबड्यांच्या जाळीचा गोळा बसवा. पानं अडतात, पाणी जातं.

मलमपट्टी

तरीही गळतंय? मग जागा शोधा. थेंब पडतो तिथेच भोक असतं असं नाही. पाणी वाशावरून घरंगळत येतं, म्हणून उताराच्या वरच्या बाजूला बघा. दिवसा खोलीतले दिवे बंद केले की बारीक भोकं ताऱ्यांसारखी चमकतात. आतून मार्करने खूण करा.

खिळ्याएवढं भोक असेल तर गंज घासून, पुसून, कोरडं करून एम-सील. चीर किंवा जोड असेल तर अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली डांबरी टेप, चारही बाजूंनी तीन-चार इंच जास्त घेऊन दाबून बसवायची. स्क्रूखालचा रबरी वॉशर तडकला असेल तर तेवढाच बदला. सिलिकॉन घेताना 'न्यूट्रल' मागा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन जस्ताचा थर खातं. सिमेंट मात्र नको. पत्रा उन्हात फुगतो, थंडीत आकसतो आणि सिमेंट सुटून येतं.

संततधार असेल तर यातलं काहीच चिकटत नाही. मग ताडपत्री! तिची वरची कड आढ्यापलीकडे गेली पाहिजे, नाहीतर पाणी तिच्याखालून शिरतं. खिळे ठोकू नका. वाळूच्या पिशव्या दोरीने दोन्ही बाजूंना लोंबत्या सोडा. पण हे काम सवयीच्या माणसाचं, आणि वारा नसतानाच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगडात अख्खी छपरं उडवली; ताडपत्री म्हणजे तर वाऱ्याच्या हातात दिलेलं शीडच.

माणूस मिळेपर्यंत? गळतीच्या जागी सुतळी बांधून तिचं टोक बादलीत सोडा. पाणी सुतळीवरून गुपचूप उतरतं. रात्रभर टपटप नाही, आणि बाबांना वर जायचं निमित्तही नाही!

एक्स्पायरी डेट : दिवाळी

ही सगळी मलमपट्टी एका पावसाळ्यापुरती. खाऱ्या हवेत ओला पाचोळा पत्र्याला चिकटून राहिला की जस्त जातं, मग गंज. टेपखालीही तो चालूच राहतो. ऑक्टोबर हीटमध्ये फॅब्रिकेटरला बोलवा, सडलेले पत्रे बदला, बदामाची छपरावर आलेली फांदी छाटून घ्या. आणि मोबाइलमध्ये आत्ताच रिमाइंडर लावा : मेचा पहिला रविवार, पन्हळ साफ. मान्सून काही अपॉइंटमेंट घेऊन येत नाही, बॉस!